पाण्याचं पान, आमचं वेबदुकान आणि पन्नास हजारांची जाहिरात

गल्लीतला_वेबवाला (धागाकर्ता), सोमवार रात्री ११.४२

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आज लिहायलोय, कारण नळाला पाणी कधी येणार ते सांगणाऱ्या माझ्या वेबपानावर एकाची जाहिरात घ्यावी की नको, ही गोष्ट डोक्यात बसलीय आणि घरात विचारलं तर आई एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी बेळगावातल्या शहापूरचा. घरात दोन माग होते, वडील साडी विणायचे. शिकून पुण्याला गेलो, सहा वर्षं कंपनीत कोड लिहिला आणि २०१४ साली परत आलो. साल विसरत नाही, कारण दसऱ्याला पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून आणली आणि १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. कार्डं काही फेकली नाहीत. संपेपर्यंत वाटली.

पहिला धंदा साड्यांचा. गल्लीतल्या अकरा विणकरांच्या साड्या फोटो काढून वेबसाइटवर विकायच्या. माडीवर पांढरी चादर टांगायची, खिडकीच्या उजेडात फोटो. साडी मोरपंखी, फोटोत निळी, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हिरवी. पहिल्या वर्षी ऐंशी गेल्या, तेवीस परत आल्या. परत आलेल्या साडीची घडी पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, आणि घडी मोडलेली साडी दुकानदार पाडून मागतो. दीड वर्षात गुंडाळलं. नुकसान बरंचसं माझं, पण थोडं विणकरांनाही बसलं. ते अजून बोलतात माझ्याशी. फक्त चहा विचारायच्या आधी एक क्षण थांबतात.

दुसरा धंदा चालला. मंगल कार्यालयांच्या तारखा. वहीत पेन्सिलीनं लिहिलेली तारीख खोडून दुसऱ्याला दिली की दोन वरबापांचं भांडण ठरलेलं. माझ्या वेबसाइटवर मॅनेजर तारखेवर बोट ठेवतो, ॲडव्हान्सची पावती निघते, मग ती तारीख कुणाला मिळत नाही. मुहूर्त मी पंचांग बघून स्वतः घालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी धरून बावीस कार्यालयं झालीत. शिवाय उद्यमबागेतल्या तीन-चार फौंड्र्यांच्या वेबसाइट. कुणाचं भांडवल नाही, भागीदार नाही, साहेब नाही. वैशाखात खिसा गरम, आषाढात उसनवारी.

आता मुद्द्याचं, म्हणजे पाण्याचं पान.

आमच्या भागात नळ रोज येत नाही. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांचं. काही मोजक्या भागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना आली, पण बाकीचे आम्ही वार मोजणारे. त्यातही कधी पहाटे, कधी दुपारी. बायको म्हणायची, "जगाच्या वेबसाइट करतोस, नळ कधी येणार ते सांगशील काय?" तिथनं सुरुवात. गल्लीगल्लीतल्या तीसेक बायकांचे नंबर नोंदवले. नळाला पाणी आलं की त्यांनी एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत. कॉल कुठल्या गल्लीतला आणि किती वाजता, हे आपोआप पानावर चढतं, आणि मागच्या पाच वेळांवरून पुढचा अंदाज. मराठीत आणि कन्नडमध्ये. बस. ॲप नाही, लॉगिन नाही.

एकदा मी घोळ घातला तो सांगतो. सर्व्हर परदेशातला, त्याचं घड्याळ ग्रीनिचचं, आपण साडेपाच तास पुढं. एका रात्री बदल करताना ते साडेपाच तास दोनदा मिळवले गेले. पहाटे साडेचारचं पाणी पानावर सकाळी दहाचं दिसायला लागलं. वडगावच्या एका आजींनी नातीकडनं पान वाचून घेतलं आणि निवांत झोपल्या. दहाला हंडा, दोन कळश्या, चार घागरी, निळं पिंप ओळीनं मांडून, नळाला पाइप लावून बसल्या. नळ नुसता फुसफुसला. पाणी पहाटेच येऊन गेलेलं. पत्ता काढत दुपारी दारात आल्या. ओरडल्या नाहीत. "तू सांगितलंस म्हणून झोपलो रे बाळा," एवढंच म्हणाल्या. मी आमच्या टाकीतल्या बारा घागरी स्कूटरवरनं तीन खेपांत नेऊन ओतल्या. त्या दिवसापासून बदल करायचा तर दिवसाउजेडी, आणि आधी बायकोच्या मोबाइलवर.

दुसरं पान कामांचं. माहितीचा अधिकार वापरून वॉर्डातल्या गटार-रस्त्यांच्या कामांची यादी मागवतो. कर्नाटकात अर्जाची फी दहा रुपये, पण नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत. माझ्यासारख्या पाल्हाळ लावणाऱ्याला तेवढीच शिस्त. पहिल्या वेळी ६३ पानं आली, दोन रुपये पान, १२६ भरले. सगळं कन्नड. मला शाळेतलं कन्नड येतं, पण ६३ पानं? गोकाकचा एक मित्र आहे, त्यानं पानं स्कॅन करून अक्षरं ओळखायचं काम केलं, मी ती देवनागरीत आणली. हे सोपं आहे, ऐकून मजा वाटेल. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरी 'क' २३२५, कन्नड 'क' ३२२१. फरक ८९६. 'ख' ला तेच, 'ळ' लाही तेच, कारण दोन्ही लिप्यांचे तक्ते एकाच भारतीय साच्यावरनं घेतलेत. ८९६ वजा करत जायचं, कन्नड मजकूर देवनागरीत उभा राहतो. फक्त 'मारुती गल्ली' ची 'मारुति गल्लि' होते आणि बेळगावीचं 'बॆळगावि', कारण कन्नडला ऱ्हस्व ए आहे, आपल्याला नाही. ते हातानं दुरुस्त करायचं. अर्थ कळायला कन्नड यावंच लागतं, पण गल्लीचं नाव, ठेकेदाराचं नाव आणि रक्कम एवढं कुणालाही वाचता येतं. आणि बघायचं तेवढंच असतं.

अडचण अशी. पाण्याचं पान आता बरीच घरं बघतात. परवा एक गृहस्थ आले. नाव सांगत नाही, पक्षही सांगत नाही. पुढं नगरसेवकपदाला उभं राहायचा विचार आहे म्हणाले. पाण्याच्या पानावर सहा महिने त्यांचा फोटो, पन्नास हजार रोख. आणि कामांच्या पानावर एखादं गटार झालं की 'यांच्या पाठपुराव्यानं' एवढी एक ओळ. आई म्हणते लक्ष्मी आलीय, घे. बायको म्हणते घेतलास तर मिस्ड कॉल मी देणार नाही.

काय करू? सरळ सांगा, राग नाही.

अनगोळकर, सोमवार रात्री ११.५८

बायकोचं ऐक. पुढचा प्रश्न?

निवृत्त_फोरमन, मंगळवार सकाळी ६.१५

तीस वर्षं फौंड्रीत काढली. नैतिक चर्चा नंतर, आधी हिशेब टाक. महिन्याला हे पान तुला कितीला पडतं? आकडा नसेल तर पन्नास हजार जास्त की कमी हे तुलाच कळणार नाही. सँडचं मिश्रण अंदाजानं केलं की कास्टिंगला भोकं पडतात.

गल्लीतला_वेबवाला, मंगळवार सकाळी ७.३०

काका, घ्या. सर्व्हर ६२० (कार्यालयांची वेबसाइट त्याच सर्व्हरवर, तिचा वाटा वजा करून). मिस्ड कॉलचा नंबर आणि नोंदीची सेवा १,२००. डोमेन महिन्याला ७०. अर्ज, पोस्टल ऑर्डर, झेरॉक्स सरासरी ५००. एकूण २,३९०. माझे तास धरले नाहीत, ते धरले तर रडू येईल. म्हणजे पन्नास हजारांत जवळजवळ एकवीस महिने निघतात. मोह त्याचाच आहे.

निवृत्त_फोरमन, मंगळवार सकाळी ७.४१

म्हणजे खर्च अडीच हजारसुद्धा नाही. एवढ्यासाठी तोंड विकायलास काय? तास धर. महिन्याला चाळीस तास असतील तर पाच दिवसांची मजुरी. ते लिहून पानावर टाक. फुकट दिसणाऱ्या वस्तूवर लोक संशय घेतात, आणि मग पन्नास हजारवाले येतात.

कोल्हापुरी_पाव्हणा, मंगळवार सकाळी १०.०५

आमच्याकडं पाणी भरपूर, पूर आला की जास्तच. तरी बोलतो. क्रेग न्यूमार्कचं उदाहरण बघा. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ओळखीच्या लोकांना कार्यक्रमांची यादी ईमेलनं पाठवायला लागला, त्याचं पुढं क्रेगलिस्ट झालं, छोट्या जाहिरातींची वेबसाइट. दिसायला आजही जुनाट, निळ्या ओळी नुसत्या. बहुतेक जाहिराती फुकट, पैसे नोकरीच्या आणि अशाच काही मोजक्या प्रकारांना. फोटोवाल्या बॅनरच्या नादाला लागला नाही तरी श्रीमंत झाला, आणि नंतर पत्रकारितेला, मतदानाच्या हक्कासाठी काम करणाऱ्यांना देणग्या देत सुटला. २०१८ साली न्यूयॉर्कच्या एका पत्रकारिता शाळेला दोन कोटी डॉलर. शाळेला आता त्याचंच नाव आहे. म्हणजे धंदा साधा ठेवूनही गावासाठी करता येतं. तुम्ही पाण्याच्या पानावर घरभाडं, स्कूटर विक्री असल्या छोट्या जाहिराती का घेत नाही?

खिळे_जुळारी, मंगळवार दुपारी १२.२०

पाव्हणे, अर्धीच गोष्ट सांगितलीत. मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत होतो, नंतर वर्तमानपत्रात ऑफसेटवर. छोट्या जाहिराती म्हणजे वर्तमानपत्राचं दूध. मोठी जाहिरात रुसते, बिल थकवते. 'भाड्यानं खोली पाहिजे' वाला रोख मोजतो आणि संपादकाला दबकावत नाही. तिकडं अमेरिकेत हे दूध क्रेगलिस्टनं फुकट वाटलं आणि गावोगावच्या पेपरांच्या गोठ्यात शेण उरलं. मग त्यानंच पत्रकारितेला देणगी दिली. वाईट माणूस नाही म्हणत मी. पण आधी विहीर आटली, मग टँकर आला.

वेबवाल्या, आपल्याकडच्या मराठी पेपरांची अवस्था तू बघतोस. त्यांच्या दोन कॉलमी जाहिराती तू खाऊ नकोस. महापालिकेच्या सभेला बसणारा बातमीदार त्यावर जगतो. तो गेला की तुझ्या ६३ पानांचा अर्थ सांगायला कोण येणार?

गल्लीतला_वेबवाला, मंगळवार दुपारी १.१०

जुळारी काका, हे डोक्यात आलं नव्हतं. छोट्या जाहिराती नाहीत, ठरलं.

सीमाभाग_५६, मंगळवार दुपारी २.४५

बाकी सगळं राहू द्या. पान कन्नडमध्ये कशासाठी? मराठीत पाटी लावायला भांडावं लागतं, परिपत्रक मराठीत मागून घसे बसले, आणि तुम्ही आपल्या पैशानं कन्नड पान काढायलाय? १९५६ च्या १७ जानेवारीला बेळगाव म्हैसूर राज्यात घालू नये म्हणून लोकांनी रक्त सांडलं ते यासाठी?





गल्लीतला_वेबवाला, मंगळवार दुपारी ३.३०

दादा, १७ जानेवारीला मीही हुतात्मा चौकात असतो. पण आमच्या गल्लीत पाइप एकच आहे. वरच्या बाजूच्या कन्नड घरात पाणी येतं तेव्हा पहिला मिस्ड कॉल त्या अक्काचा येतो, तिच्यामुळे खालच्या मराठी घरांना वीस मिनिटं आधी कळतं. तिला कळणाऱ्या भाषेत पान नसलं तर ती कॉल कशाला देईल? आणि पान उघडलं की आधी मराठी दिसतं, ते कुणी बदलायला लावलं नाही, लावलं तरी बदलणार नाही.

चिकोडीचा_वकील, मंगळवार सायंकाळी ५.०२

भावना बाजूला ठेवून दोन कामाच्या गोष्टी. राज्यघटनेचं कलम ३५०: गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणजे अर्ज मराठीत देणं हा हक्क आहे. उत्तर मराठीतच मिळेल असं मात्र त्यात लिहिलेलं नाही, गाडी तिथंच अडते. कलम ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा अधिकारी असतो, त्याच्याकडं पत्रव्यवहार करता येतो. पंधरा टक्के किंवा जास्त अल्पभाषिक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात हे मान्य झालेलं आहे. मान्य आणि अमलात यांत आपल्याकडं घाट आहे, चोर्ल्यापेक्षा अवघड.

वेबवाल्यांनी आपला अर्ज मराठीत द्यावा, सोबत कन्नड प्रत जोडावी. मराठी प्रतीवर पोच घ्यावी. कारकून कन्नड वाचून कामाला लागतो आणि मराठीची पोच तुमच्या फाइलला राहते. मी पक्षकारांना हेच करायला लावतो.

धागा_सांभाळणारा, मंगळवार सायंकाळी ५.२०

सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, तिथं सुप्रीम कोर्टातल्या २००४ च्या दाव्यापासून सगळं आहे. इथं पाण्याचं पान आणि जाहिरात एवढंच. सीमाभाग_५६ यांचा मुद्दा नोंदला गेलाय.

खानापूरची_लेक, मंगळवार रात्री ८.३३

सगळे शहरातलं बोलायलात, म्हणून जरा आमचं. मी जांबोटीच्या पुढची. आमच्याकडं पाण्याची तक्रार पावसाळ्यात नसते, तेव्हा रस्त्याची असते. जानेवारीनंतर बघा. आणि मोबाइलला रेंज? कणकुंबीकडं जाताना विशिष्ट झाडाखाली येते, त्या झाडाला आम्ही टॉवर म्हणतो.

तुमचं पान बघून आम्ही तिघींनी गावात एक केलं. ग्रामपंचायतीत वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला पाहिजे. होते, पण कधी झाली ते झाल्यावर कळतं. आम्ही पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, दर पंधरा दिवसांनी विचारायचं ठरवलं. तारीख कळली की एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दूध डेअरीच्या भिंतीला चिकटवायची. डेअरीला सकाळ-संध्याकाळ घरटी एक माणूस येतोच, दुधाचं माप होईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात वाचून होतं. मागच्या ग्रामसभेला पहिल्यांदा जागा पुरली नाही, बायका जोत्यावर बसल्या. पुढची गोष्ट: ज्या उताऱ्यासाठी मी तालुक्याला तीन खेपा घातल्या तो विषय सभेत निघाला आणि तिथल्या तिथं सुटला. आमच्या आजीला पहाणी म्हटलं तरच कळतं, उतारा म्हटलं की ती औषध समजते.

तर दादा, तुमची वेबसाइट आम्हाला नको. तुमचा छापायचा साचा द्या, गावाचं नाव आणि तारीख घातली की मोठ्या अक्षरात निघेल असा. आणि पन्नास हजार घेऊ नका, नाहीतर उद्या आमच्या डेअरीच्या भिंतीवरही फोटो येईल.

गल्लीतला_वेबवाला, मंगळवार रात्री ९.१५

ताई, साचा उद्या देतो. एका कागदावर बसेल, रेंज नसताना निघेल, मराठी वर कन्नड खाली. एवढी वर्षं मोबाइल मोबाइल करायलोय, भिंत सुचली नाही.

निपाणीचा_तंबाखू, मंगळवार रात्री १०.४०

बाकी सोडा, एक अनुभव. सरकारी कार्यालयात अर्ज टाकला की सकालाची, म्हणजे कर्नाटकातल्या मुदतीत सेवा द्यायच्या योजनेची, पावती मागून घ्या. २०११ चा कायदा आहे. पावतीवर पंधरा आकडी नंबर असतो, मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००. पैसे मी कधी मागितले नाहीत. पण खिडकीवर तो नंबर मोठ्यानं वाचला की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

चिकोडीचा_वकील, बुधवार सकाळी ९.१०

जाहिरातीबद्दल. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ. तो नियम कागदासाठी आणि लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांसाठी आहे, तरी वेबवर तेच पाळा. पैसे घेऊन टाकलेला मजकूर पैशाचा आहे असं लिहा. 'यांच्या पाठपुराव्यानं' ही ओळ तर जाहिरातही नाही, ती बातमीच्या वेशातली जाहिरात आहे. रोख घेतलीत तर पावतीही देता येणार नाही. यातून भांडण झालं तर तुमच्याकडं कागद काय?

दुसरं महत्त्वाचं. कामांच्या यादीत लाभार्थ्यांची नावं, फोन, घरनंबर येत असतील तर ते पानावर टाकू नका. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही आवळलंय. रक्कम, ठेकेदार, जागा, तारखा एवढं पुरे. मिस्ड कॉल देणाऱ्या तीस जणींचे नंबर कुठं ठेवलेत? कुणाला दिसतात?

गल्लीतला_वेबवाला, बुधवार सकाळी ९.४८

नंबर पानावर दिसत नाहीत, गल्लीचं नाव फक्त दिसतं. पण खरं सांगायचं तर माझ्या लॅपटॉपवर एका साध्या फाइलमध्ये पडलेत. आज कुलूप घालतो. आणि त्या गृहस्थांनी 'किती घरांचे नंबर आहेत?' असंही विचारलं होतं. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

अनगोळकर, बुधवार सकाळी ९.५०

अरे मर्दा! फोटोचे पन्नास हजार नव्हतेच ते.

निवृत्त_फोरमन, बुधवार सकाळी १०.०२

बरोबर. माल म्हणजे ते नंबर होते.

कार्यालय_मॅनेजर, बुधवार दुपारी ३.१५

मी इथं कधी लिहीत नाही, पण या बावीस कार्यालयांतल्या एकात मी आहे, आणि आता गप्प बसणं बरं दिसत नाही. सहाशे माणसांचं लग्न म्हटलं की पाणी हाच पहिला प्रश्न. आचारी पहाटे तीनला चूल पेटवतो, त्याच्या आत टाकी भरलेली पाहिजे. पूर्वी आम्ही घाबरून दर लग्नाला टँकर सांगत होतो. आता आदल्या दिवशी या पानावर बघतो. आमच्या लाइनला पाणी येणार असेल तर टँकर रद्द. गेल्या सीझनला चौदा टँकर वाचले. आणि आम्ही त्याचा एक रुपया दिलेला नाही, कारण कुणी मागितलाच नाही. वेबवाले तारखांचं बिल पाठवतात, त्यात पाण्याचे शंभर लावा. बाकी मॅनेजरांशी मी बोलतो, त्यांचंही असंच आहे.

गल्लीतला_वेबवाला, बुधवार दुपारी ३.४०

भाऊ, बावीस गुणिले शंभर म्हणजे २,२००. खर्च २,३९०. हा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. पाण्याचं पान म्हणजे समाजकार्य आणि तारखांची वेबसाइट म्हणजे पोट, अशा दोन पेट्या करून बसलो होतो.

खिळे_जुळारी, बुधवार सायंकाळी ६.०५

छान. आता एक खडा टाकतो. त्या बावीस कार्यालयांचे मालक कोण? मी छापलेल्या लग्नपत्रिकांवरनं सांगतो, दोन-तीन तरी राजकारणातल्या घरांची असतील. शंभर रुपयांत कुणी मिंधा होत नाही हे खरं. पण उद्या त्याच कार्यालयासमोरच्या गटाराची फाइल तुझ्या हातात आली तर?

गल्लीतला_वेबवाला, बुधवार सायंकाळी ६.३०

तीन आहेत. त्यातल्या एकासमोरचं गटार यादीत आधीच आहे. ६३ पानांतलं पान ४१.

निवृत्त_फोरमन, बुधवार सायंकाळी ६.४४

सगळ्यांना एक दर, सगळ्यांना पावती, कुणाचा फोटो नाही. कोण किती देतं ते पानाच्या तळाशी लिही. आणि पान ४१ काढू नकोस.

चिकोडीचा_वकील, बुधवार रात्री ९.२०

फोरमन काकांना अनुमोदन. काही जण संस्था काढा म्हणतील. कर्नाटकात सोसायटी नोंदवायची तर किमान सात माणसं लागतात, मग अध्यक्ष कोण यावरनं सातांचे दोन गट, मग दरवर्षी हिशेब, बैठकीचं इतिवृत्त. अडीच हजारांच्या पानाला एवढा लग्नमांडव कशाला? सध्या तुमचंच दुकान, तुमचंच नाव, तुमचीच जबाबदारी. खर्च दहापट झाला की या, मग बघू.

त्यापेक्षा वॉर्ड समितीकडं लक्ष ठेवा. महापालिका कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं ती आली. नगरसेवक अध्यक्ष, शिवाय दहा सदस्य, त्यांत किमान तीन महिला. तुमच्या मिस्ड कॉलवाल्यांपैकी कुणी अर्ज करणार असेल तर फॉर्म भरायला मी बसतो, फी नाही.

गल्लीतला_वेबवाला, गुरुवार रात्री ११.०५

काय काय झालं ते सांगतो.

त्या गृहस्थांना फोन केला, नको म्हटलं. ते हसले, "बघू की पुढं," म्हणाले. आईनं दिवसभर जेवण वाढलं पण बोलली नाही.

नंबरांच्या फाइलला कुलूप लावलं. तीसच्या तीस जणींना फोन करून सांगितलं की तुमचा नंबर असा असा ठेवलाय, नको असेल तर काढतो. दोघींनी काढायला सांगितलं, एकीला काळजी वाटली म्हणून, एकीच्या नवऱ्याला. त्यांच्या दोन गल्ल्या आता पानावर रिकाम्या आहेत.

सतरा कार्यालयांनी शंभर कबूल केले. तिघांनी मालकाला विचारतो म्हटलं, दोघांनी फोन उचलला नाही. खर्चाचा तक्ता पानाच्या तळाशी टाकलाय, माझे चाळीस तासही लिहिलेत, त्यांच्यासमोर शून्य. पान ४१ आहे तिथंच आहे.

खानापूरच्या ताईंचा साचा तयार झाला. एक अडचण: ताई, तुमच्या गावाचं नाव सरकारी कन्नडवरनं घेतलं तर वेगळं येतं आणि नकाशावर तिसरंच. कुठलं छापू?

चिकोडीच्या वकील साहेबांना, आमच्याकडनं तिघी तयार आहेत. त्यातली एक माझी बायको. दुसरी ती वरच्या घरातली अक्का. तिसऱ्या वडगावच्या आजी. वय ७१, वाचता येत नाही. चालेल काय?

खानापूरची_लेक, शुक्रवार सकाळी ६.५०

आम्ही म्हणतो तेच छापा. कन्नडमध्ये खाली त्यांचं छापा. आणि अक्षर अजून मोठं करा, डेअरीत उजेड कमी असतो.

चिकोडीचा_वकील, शुक्रवार सकाळी ८.१५

चालेल. शनिवारी दुपारी चारला शहापुरात येतो. आजींचं मतदार ओळखपत्र आणि घरपट्टीची पावती काढून ठेवा. आधी बघू, तुमच्या महापालिकेनं अर्ज कधी मागवलेत.